मिठाची पुडी किती दिवसांत संपते? घरातलं मीठ मोजायचं आणि कमी करायचं कसं

अहिल्यानगर : दवाखान्यात बीपी मोजलं की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि आपण उठता उठता एक वाक्य सांगतात, "मीठ कमी करा." आपण मान डोलावतो. घरी आल्यावर प्रश्न पडतो, कमी म्हणजे किती? आधी किती खात होतो हेच कुणाला माहीत नसतं. मग दोन दिवस अळणी कालवण होतं, तिसऱ्या दिवशी ताटावर कुरकुर सुरू होते आणि चौथ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. गोळ्या तेवढ्या चालू राहतात, त्याही कधी कधी.

डॉक्टरांच्या त्या एका वाक्याचं स्वयंपाकघरात नेमकं काय करायचं, ते इथे सविस्तर देत आहोत. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, आमटी, हुलग्याचे शेंगोळे असं जे आपल्या जिल्ह्यातल्या घरांत रोज होतं, तेच धरून.

आधी हिशोब करा

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, शीग लावलेला नाही. यात कालवणातलं, चटणीतलं, लोणच्यातलं, फरसाणातलं, बिस्किटातलं असं दिवसभराचं सगळं मीठ आलं. मिठातला जो भाग रक्तदाब वाढवतो त्याचं नाव सोडियम. ५ ग्रॅम मिठात साधारण २००० मिलीग्रॅम सोडियम असतं.

आपण किती खातो? २०१७-१८ मध्ये देशभर असंसर्गजन्य आजारांचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात लोकांच्या लघवीची तपासणी करून अंदाज काढला तेव्हा सरासरी माणशी रोज ८ ग्रॅम मीठ निघालं. पुरुषांचं ८.९ ग्रॅम, बायकांचं ७.१ ग्रॅम. म्हणजे सल्ल्यापेक्षा दीडपट तरी.

हे झालं देशाचं. आपल्या घरचा आकडा काढायला लघवी तपासायची गरज नाही, मिठाची पुडी पुरते. नवी पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका. संपली की दिवस मोजा. घरात पाच माणसं असतील तर माणशी ५ ग्रॅमने दिवसाला २५ ग्रॅम मीठ लागायला हवं, म्हणजे एक किलोची पुडी ४० दिवस पुरली पाहिजे. चार माणसांना ५० दिवस, सहा माणसांना ३३ दिवस. पाच माणसांच्या घरात पुडी २० दिवसांत संपत असेल तर प्रत्येकजण १० ग्रॅम खातोय. १५ दिवसांत संपत असेल तर १३ ग्रॅमच्या पुढे.

हिशोब करताना थोडं तारतम्य ठेवा. लोणचं घातलं, पापड-कुरडया केल्या, गाई-म्हशींच्या आंबोणात टाकलं, गुळण्या केल्या, भाजी मिठाच्या पाण्यात धुतली, तर तेवढं मीठ वजा करा. लहान पोरं अर्ध्या माणसाची धरा. पाहुणे येऊन गेले असतील तर तेही धरा. उलट घरात रोज वडापाव, फरसाण, बिस्किटं येत असतील तर ते मीठ पुडीत मोजलं जातच नाही, ते वरचं. आमच्या घरी पहिल्यांदा तारीख टाकली तेव्हा चार माणसांत पुडी २६ दिवसांत संपली. आपण फार मीठ खातो असं त्याआधी घरात कुणालाच वाटत नव्हतं.

एक किलो मीठ जेमतेम चहाच्या दोन-तीन कपांच्या पैशात येतं, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. तेल किती लागलं, साखर किती लागली हे प्रत्येक घरात माहीत असतं. मिठाचा हिशोब मात्र क्वचितच कुणी ठेवतं.

यात धोका काय?

रक्तात सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. नळ्या त्याच आणि आत द्रव जास्त, त्यामुळे दाब वाढतो. मोटारीचा दाब वाढला की ठिबकची नळी जिथे कच्ची असेल तिथे फुटते, तसंच शरीरातही होतं. मेंदूत फुटली किंवा तुंबली तर लकवा, हृदयाची तुंबली तर झटका. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या हळूहळू खराब झाल्या तर पुढे डायलिसिसची वेळ. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी तालुक्याला किंवा नगरला जाणारं घर तुमच्या माहितीत असेलच. घरातल्या एका माणसाची मजुरी बुडते आणि सोबत जाणाऱ्या दुसऱ्याचीही.

बीपी दुखत नाही, हीच खरी अडचण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, देशात १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के बायकांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यासाठी गोळ्या चालू होत्या. आपल्या पंगतीत दहा माणसं जेवायला बसली तर त्यातल्या दोघांचं.

आपलं मीठ येतं कुठून

परदेशात लोकांच्या पोटात जाणारं बहुतेक मीठ कारखान्यातून येतं. पाव, चीज, डबाबंद मटण यांतून. तिथे बाईने स्वयंपाकात मीठ कमी टाकलं तरी फार फरक पडत नाही. खेड्यातल्या आपल्या घरात उलट आहे. आपल्याकडे मिठाचा मोठा वाटा चुलीपाशीच पडतो, आणि म्हणून तो कमी करणंही आपल्याच हातात आहे. कंपनीची वाट बघायला नको.

नीट बघितलं तर आपल्या ताटात मीठ दोन प्रकारे येतं. एक, कालवण-कोरड्यासातून, थोडं थोडं पण भरपूर खाल्लेलं. दोन, तोंडी लावण्यातून, म्हणजे ठेचा, चटणी, लोणचं, पापड, चिवडा. हे चिमूटभर वाटतं, पण त्यात मीठ घट्ट भरलेलं असतं. भाकरी जास्त आणि कालवण कमी असेल त्या घरात तोंडी लावणं वाढतं. रानात न्यायच्या फडक्यात भाकरी आणि ठेचाच असतो. ऊसतोडीला कोपीवर राहणाऱ्यांचं तर कित्येक दिवस त्यावरच भागतं. मग दोन भाकरी उतरवायला ठेचा खारट हवाच असतो. म्हणजे मिठाचा प्रश्न थोडा गरिबीचाही आहे. भाजी परवडली नाही की तिची जागा मीठ-मिरची घेते. नुसतं "मीठ कमी खा" सांगून हे सुटत नाही, ताटात भाकरीबरोबर दुसरं काहीतरी यावं लागतं. परड्यातली मेथी, चुका, शेवग्याच्या शेंगा, मोड आलेली मटकी किंवा नुसता कांदा-टोमॅटो चालेल.

कालवणात कमी करायची पद्धत

एकदम निम्मं करू नका. घरात लगेच कळतं आणि भांडण होतं. जिभेला कमी मिठाची सवय लागायला साधारण तीन-चार आठवडे जातात. तेवढ्या वेळात टप्प्याटप्प्याने खाली यायचं.

पहिला आठवडा काहीच कमी करू नका, फक्त हाताने टाकायचं बंद करून चमच्याने टाका. चिमूट प्रत्येकीची वेगळी असते आणि घाईत ती मोठी होते. मिठाच्या बरणीत एक छोटा चमचा कायमचा ठेवा. पुढच्या आठवड्यापासून जिथे दोन चमचे पडत होते तिथे पावणेदोन. दहावा-आठवा भाग कमी झालेला बहुतेकांना ओळखू येत नाही. त्यावर पंधरा दिवस राहा, मग दीड.

मीठ शेवटी टाका. आमटीला सुरुवातीला मीठ टाकलं की ती आटते, खारट वाटते, पाणी वाढवतो, मग पुन्हा मीठ. उतरवायच्या आधी टाकलं की तेवढंच मीठ जिभेला जास्त जाणवतं. मटण आणि कडधान्याला आधी थोडं लागतं, तिथे अर्धं आधी आणि अर्धं नंतर.

भाकरीच्या पिठात मीठ टाकायची सवय असेल तर ती पहिली सोडा. कालवण खारट आहेच, भाकरीत मीठ नसलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पोळीच्या कणकेचं आणि भाताचंही तसंच. दह्यात, ताकात, काकडीच्या फोडींवर, पेरूवर वरून मीठ भुरभुरायचं बंद. ताकाला जिरं भाजून, कोथिंबीर चुरून टाका.

मीठ कमी झालं की पदार्थ बेचव लागतो, ती जागा आंबटाने आणि वासाने भरून काढायची. पिठल्यावर लिंबू पिळा. आमटीत चिंच किंवा आमसूल थोडं वाढवा. लसूण फोडणीत लाल होऊ द्या. काळा मसाला आपल्याकडे घरोघरी असतो, त्याचा वास मिठाची उणीव बरीच झाकतो. मात्र तयार मसाल्याचं पाकीट आणत असाल तर मागे वाचा, कित्येक मसाल्यांत मीठ आधीच मिसळलेलं असतं आणि आपण वर पुन्हा टाकतो. शेंगोळ्यात आणि माडग्यात हुलग्याला स्वतःची दणकट चव आहे, तिथे मीठ कमी करणं सगळ्यात सोपं.

ठेच्यात शेंगदाण्याचं प्रमाण वाढवा, लसूण-कोथिंबीर घाला, लिंबू पिळा. मीठ कमी असलेला ठेचा जास्त दिवस टिकत नाही, म्हणून आठवड्याचा एकदम न करता दोन दिवसांचा करा. शेंगदाण्याच्या, जवसाच्या, कारळाच्या चटणीला तर मीठ फार लागतही नाही, तेलबियांना मुळातच चव असते.

ताटात मीठ वाढणं हा आपल्याकडे मान आहे. पंगतीत ताट वाढताना मीठ आधी येतं. लग्नाकार्यात वाढा, पण रोजच्या जेवणात मिठाची वाटी समोर नको. समोर असली की हात जातो.

लोणच्यात मीठ कमी करू नका, लोणचं कमी खा

इथे बरेचजण चुकतात. कैरीच्या लोणच्यात मीठ चवीपुरतं नसतं, ते टिकवायला असतं. कमी टाकलं की बुरशी येते आणि अख्खी बरणी जाते. तेव्हा लोणचं घालताना हात आखडू नका, खाताना आखडा. घरच्या लोणच्यात साधारण आठवा-दहावा भाग मीठच असतं. फोड आणि खार मिळून मोठा चमचाभर घेतलं तर दीड ग्रॅमच्या आसपास मीठ गेलं, म्हणजे दिवसाच्या वाट्यातला तिसरा हिस्सा. फोड घ्या, खार बरणीत राहू द्या. लोणच्याची आवड असेल तर लिंबू, कैरी, गाजर यांचं ताजं लोणचं दोन दिवसांपुरतं करा, त्यात मीठ कमी टाकलं तरी चालतं.

पापडात मीठ असतं आणि वर पापडखारही असतो. पापडखारातही सोडियमच. कुरडया, सांडगे, तळणाच्या मिरच्या, सगळ्यांची तीच गोष्ट. उन्हाळ्यात पुढच्या खेपेला करताना पापड्यांत मीठ थोडं कमी टाकून बघा, वाळवण कडक वाळलं तर ते टिकतं. ताकातल्या मिरच्यांना मात्र मीठ लागतंच, त्या चवीपुरत्या खा.

खायचा सोडा हा लपलेला वाटा आहे. त्याची चव खारट लागत नाही म्हणून कळत नाही. सपाट चमचाभर सोड्यात जवळपास तीन ग्रॅम मिठाएवढं सोडियम असतं. भजी, ढोकळा कधीतरी ठीक. पण छोले-हरभरे लवकर शिजावेत म्हणून रोज सोडा टाकायची सवय असेल तर ती सोडा, रात्री भिजत घाला. पित्तासाठी फसफसणारी पावडर रोज पिणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, तिच्यात बहुधा हाच सोडा असतो.

पाकिटाच्या मागचा आकडा

फरसाण, वेफर्स, नूडल्स, खारी, बिस्किटं यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरात तक्ता असतो. तो इंग्रजीत असतो हे खरं, पण त्यात सोडियम लिहिलेली ओळ पोरं वाचून देतील. आकडा मिलीग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की तेवढे मिलीग्रॅम मीठ. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलीग्रॅम सोडियम लिहिलंय, तर ८०० गुणिले अडीच म्हणजे २००० मिलीग्रॅम, दोन ग्रॅम मीठ. शंभर ग्रॅमला ६०० च्या वर आकडा असेल तर पदार्थ खारट समजा, १२० च्या खाली असेल तर कमी मिठाचा. गोड बिस्किटातही सोडियम निघतं, ते बघून चकित होऊ नका.

हॉटेलातल्या मिसळीला, भेळीला, वडापावाला तक्ता नसतो. तिथे एकच उपाय, वरची मिठात घोळलेली मिरची आणि जादा रस्सा नको म्हणायचं. ढाब्यावर 'अळणी' मागितलं म्हणून बिनमिठाचं मिळत नाही, ते फक्त बिनतिखटाचं असतं.

सैंधव, काळं मीठ, खडे मीठ

व्हॉट्सअॅपवर फिरतं की सैंधव मिठाने बीपी वाढत नाही. हे खरं नाही. सैंधव असो, काळं असो, गुलाबी असो, समुद्राचं खडे मीठ असो, सगळ्यांत बहुतांश भाग तोच असतो, सोडियम क्लोराईड. खडे मिठाचा चमचा वजनाला थोडा हलका भरतो इतकंच. उपवासाला सैंधव खा, पण ते औषध समजून खाऊ नका. उपवासाचे वेफर्स आणि चिवडा खाऊन एकादशीला मीठ कमी गेलं असंही समजू नका.

मीठ कमी करायचंय, पण जे खातो ते आयोडीनयुक्तच हवं. आयोडीन नसलेलं मीठ माणसांना खायला विकण्यावर देशात २००६ पासून बंदी आहे. आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो, आणि गरोदर बाईला कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो. जनावरांसाठी आणलेलं खडे मीठ स्वयंपाकात वापरू नका.

कमी सोडियमचं मीठ : कुणी घ्यावं, कुणी अजिबात घेऊ नये

बाजारात 'लो सोडियम' नावाचं मीठ मिळतं. त्यात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. चव जवळपास तीच. तेलंगणातल्या सिद्दीपेट जिल्ह्यातल्या सात गावांत बीपी असलेल्या ५०२ लोकांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना साधं मीठ, निम्म्यांना ७० टक्के साधं आणि ३० टक्के पोटॅशियमचं मीठ दिलं, कुणाला कोणतं हे त्यांना सांगितलं नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटाचं वरचं बीपी पहिल्यापेक्षा साडेचार अंकांनी जास्त उतरलं होतं. आकडा लहान वाटेल, पण तो घरचं नेहमीचं जेवण चालू ठेवून मिळालेला आहे.

चीनमधला अभ्यास याहून मोठा. ६०० गावं, जवळपास २१ हजार माणसं, सुमारे पाच वर्षं. २०२१ मध्ये निकाल आला. असं मीठ खाणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मोठ्या माणसांनी साध्या मिठाऐवजी असं मीठ वापरावं असा सल्ला दिला.

पण त्यात एक मोठी अट आहे आणि ती वाचल्याशिवाय पुडी आणू नका. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे त्यांच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडत नाही. ते साठलं तर हृदय बंद पडू शकतं. डायलिसिसवाले, मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी हे मीठ घेऊ नये. बरीच वर्षं साखरेचा त्रास असणाऱ्यांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. बीपीच्या काही गोळ्याही शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातलं नाव तुमच्या पाकिटावर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठीही तो सल्ला नाही. घरात एकाच कढईत सगळ्यांचं शिजतं, त्यामुळे घरातला एकजण जरी यात बसत असेल तर साधंच आयोडीनचं मीठ ठेवा आणि तेच कमी करा.

शिवाय हे मीठ खेड्यात सहज मिळतही नाही. चेन्नईत ३०० दुकानं पाहिली तेव्हा लहान किराणा दुकानांपैकी फक्त ४ टक्के दुकानांत ते होतं, आणि किंमत साध्याच्या दुप्पट. तिथे शहरात ही गत, मग आपल्या गावातल्या दुकानाचं बोलायलाच नको.

"आम्ही उन्हात राबतो, आम्हाला मीठ लागतं"

यात तथ्य आहे, पण अर्धं. घामातून मीठ जातं. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर खणणारा, ऊस तोडणारा, वीटभट्टीवरचा माणूस घाम गाळतो, त्याने उन्हाळ्यात एकदम मीठ तोडू नये. पायात गोळे येणं, चक्कर, मळमळ होत असेल तर सावलीत बसून ओआरएसचं पाणी प्यावं. पण ट्रॅक्टरवर बसणारा, दुकानात बसणारा, पारावर बसणारा यांनी हे कारण सांगू नये. आजोबा रानात राबत होते तेव्हाचं मीठ आणि नातू मोटारसायकलवर फिरतो तेव्हाचं मीठ सारखं कसं चालेल?

जुलाब-उलट्यांत मीठ कमी करण्याचा नियम लागू नाही. पोराला जुलाब लागले तर ओआरएस पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात, पूर्ण द्यायचं. म्हाताऱ्या माणसाला लघवीची गोळी चालू आहे, मीठही कमी केलंय आणि अचानक गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं, असं दिसलं तर रक्तातलं सोडियम फार उतरलेलं असू शकतं. तेव्हा घरी मीठ चाटवत बसू नका, दवाखान्यात न्या.

खाऱ्या पाण्याचं काय?

मुळा आणि प्रवरेच्या कालव्याखालच्या पट्ट्यात काही गावांत जमिनी चोपण झाल्या आहेत आणि विहिरी-बोअरचं पाणी मचूळ लागतं. लोक ते जनावरांना आणि शेतीला वापरतात, काही घरांत टंचाईत पितातही. पाण्यात लिटरला २०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम झालं की जिभेला खारटपणा कळायला लागतो. असं तीन लिटर पाणी प्यायलं तर ६०० मिलीग्रॅम सोडियम, म्हणजे दीड ग्रॅम मीठ पाण्यातूनच गेलं. सगळं जड पाणी सोडियमचं नसतं, पुष्कळदा ते चुन्याचं असतं आणि त्याने बीपी वाढत नाही. पाणी तपासायला देताना सोडियमही मोजायला सांगा. घरात बीपीचा माणूस असेल आणि नळाचं किंवा शुद्ध केलेलं पाणी मिळत असेल तर पिण्याला आणि डाळ शिजवायला तेच वापरा.

घरात सांगायचं कुणी?

खरं अवघड काम हे आहे. मीठ कमी झालं की बोल बसतो तो स्वयंपाक करणाऱ्या सुनेला. "हिच्या हाताला चवच नाही." मग तीही कंटाळून हात सैल सोडते. म्हणून हे घरातल्या मोठ्या माणसाने जेवताना सगळ्यांसमोर सांगावं, की या महिन्यापासून मीठ कमी, आणि ते मी सांगितलंय. बीपीच्या माणसासाठी वेगळं अळणी भांडं लावू नका. सासऱ्याचं वेगळं कालवण आठ दिवस टिकतं, पुढे तोही सगळ्यांच्याच पातेल्यातलं घेतो. सगळ्यांचंच कमी करा. आज ज्याला बीपी नाही त्यालाही त्याचा फायदाच आहे, आणि लहान पोरांची जीभ तर लहानपणीच घडते.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं ते याच विचारावर, की गावातलं आरोग्य गावातली बाईच बदलू शकते. कमी शिकलेल्या, काही तर अक्षर न येणाऱ्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. त्या कामाला १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जागा मिळाली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चुलीपाशी बसून बोलणारी बाई जे पटवू शकते ते चिठ्ठीवरच्या ओळीने होत नाही. आज गावोगावी आशाताई आहेत. बचत गटाच्या बैठकीत दहा बायकांनी आपापल्या पुडीच्या तारखा सांगितल्या तरी कुणाच्या घरात किती मीठ जातंय ते तिथेच कळेल.

बीपी मोजून घ्या, गोळी सोडू नका

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट मोजून मिळतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको, पाच मिनिटं शांत बसा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी आला तर डॉक्टरांना दाखवा. आकडा वहीत लिहून ठेवा, तारखेसह.

मीठ कमी केल्याने ज्यांना बीपी आहे त्यांचा वरचा आकडा साधारण पाच-एक अंकांनी उतरतो, काहींचा जास्त. ते गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या बदल्यात नाही. दोन-तीन महिने कमी मिठावर राहून बीपी चांगलं उतरलं, चक्कर येते असं वाटलं, तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. जाताना वही बरोबर न्या, आणि मिठाची पुडी आता किती दिवस पुरते तेही सांगा.